हंड्यातले तांदूळ
चिंचेनं पितळ घासलं की बेलवलीची खोली आठवते. आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली, खायचे वांधे झाले, तेव्हा पोरीनं माझ्या लग्नातल्या हंड्याचा फोटो विकायला म्हणून कंप्युटरवर टाकला. उल्हासनगरहून एक बाई आली. आमचं घर कधी बघितलं नाय, पण हंड्याला पोचा कुठंय ते तिला ठाऊक! माझं डोकंच चालेना. रिकामं भांडं कुणाला देत नाहीत, म्हणून संध्याकाळच्या भाताचे तांदूळ होते त्यातले मूठभर हंड्यात टाकले. पोरगी ओरडली, "आई, गिऱ्हाईक हाय ती, पाहुणी नाय!" बाई म्हणाली, "माई, चावल का अलग पैसा?" मी नको म्हटलं. ती पैसे देऊन हंडा घेऊन गेली. पैसे घेतले म्हणजे विकला, तांदूळ घातले म्हणजे दिला. मी नक्की काय केलं, ते आज पण समजत नाय.