छताचा चौथा कोपरा

बोलण्यावर माझं पोट नाही, पण ऐट सगळी बोलण्यावरच. आणि तरीही एक गोष्ट अशी आहे जी इतक्या वर्षांत मी एकदाही तोंडाबाहेर काढलेली नाही — भावाजवळ नाही, सकाळी सोबत फिरणाऱ्या मित्रांजवळ नाही. माझ्या बायकोला, शैलाला, ती माहीत आहे. पण तिलाही मी सांगितलेली नाही. तिनं ती डोळ्यांनी पाहिली. आज तुम्हाला सांगायला बसलोय आणि बघा — अजून भोवतीच फिरतोय.

आधी धंदा सांगतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो, पण ते शहरात कुणाला आठवत नाही. शहर मला ओळखतं ते सूत्रसंचालक म्हणून. स्वागत समारंभ, दुकानाचं उद्घाटन, निवृत्तीचा सत्कार, शोकसभा — माईक माझ्या हातात. प्रत्येक प्रसंगाला चार ओळी तयार. फुलंब्रीहून एसटीनं धक्के खात कॉलेजला येणारा पोरगा मी, आणि माझ्या एका शब्दावर अख्खं मैदान उठून उभं राहायचं, खाली बसायचं. त्याची नशा काय असते, हे ज्यानं माईक धरला नाही त्याला कसं सांगू?

या धंद्यातलं खरं कसब मात्र लोकांना दिसत नाही. प्रमुख पाहुणे उशिरा येतात. नेहमीच. ते येईपर्यंत गर्दी धरून ठेवायची असते. स्टेजच्या कडेला आयोजक उभा असतो, दोन्ही हातांनी रबर ताणल्यासारखी खूण करतो — ओढा सर, अजून जरा ओढा. मग मी ओढतो. काय बोलतोय याला काही महत्त्व नाही; माणूस खुर्चीवरून उठता कामा नये, एवढंच. हे ध्यानात ठेवा.

आता छताकडे येतो. मुलीचं लग्न ठरलं होतं म्हणून सिडकोतल्या आमच्या घराच्या हॉलला पीओपी करून घेत होतो. ठेकेदारानं रफिकुल नावाचा कारागीर पाठवला. बंगालमधला, मालद्याचा. पस्तिशीचा, पोट सुटलेला, गाणं म्हणायची हौस आणि सूर नावाला नाही. वेळेच्या बाबतीत पक्का लबाड — दुपार व्हायला आली की उगवायचा आणि मी तर सकाळपासून गेटवर उभा होतो म्हणून सांगायचा. आणि बोलका! एवढा बोलका, की मला — मला! — कंटाळा यायचा. सगळं बोलणं गावाचं. गंगा दरवर्षी त्यांची जमीन कशी कातरून नेते, सासऱ्याशी त्याचं कशावरून वाजलं, धाकटीला शाळेत कुणी ढकललं. शैला त्याला आपल्याकडच्या केशर आंब्याची फोड द्यायची आणि तो तोंड वाकडं करून खायचा. "भाभी, हमारा उधर का फजली आम आप खाया नहीं, तो क्या खाया?" तिला राग यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायची.

छताच्या चारही कोपऱ्यांत फुलापानांची वेल काढायची होती. इतर लोक साच्यातून काढलेली चिकटवतात. हा ओल्या प्लास्टरवर हातानं काढायचा. तीन कोपरे झाले होते, चौथा राहिला होता.

त्याच सुमारास दूरच्या एका शहरात स्फोट झाले. बाजारात गेलेली माणसं गेली, हातात पिशव्या होत्या त्यांच्या. दिवसभर घरात टीव्ही चालू. मलाही भडभडून आलं होतं, ते खोटं नव्हतं. रफिकुल लाकडी घोडीवर उभा राहून वरूनच बघत होता. आणि मी — आजही आठवलं की कानशिलं तापतात — मी खालून त्याला विचारलं, "काय रफिकुल, तुझं काय म्हणणं यावर?" त्याचा हात थांबला. "कुत्ते हैं, सर. कीड़े पड़ेंगे इनको." मी मान डोलावली, पेपर तपासून मार्क दिल्यासारखी. त्याच दुपारी नळ दुरुस्त करायला एक जण आला होता. तोही टीव्हीकडे बघत होता. त्याला मी नाही विचारलं. का नाही विचारलं?

टीव्हीवर तर नुसता बाजार मांडला होता. पडद्यावर चार चौकटी, चौघंही एकाच वेळी ओरडणारे. कोण घुसखोर, कोण गद्दार, कुणाला आधी हाकला. खाली पट्टीवर मेलेल्यांची नावं सरकत होती आणि वर ह्यांचा तमाशा! ज्यांच्या घरी अजून प्रेत यायचं होतं, त्यांनी हे बघायचं? मी शैलाला म्हणालो, "लाजा कशा वाटत नाहीत या लोकांना?" मनापासून म्हणालो. त्याच संध्याकाळी क्रांती चौकात निषेध आणि शोकसभा होती आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी झब्ब्याला इस्त्री करत होतो, तेव्हा रफिकुल हात धूत म्हणाला, "सर का प्रोग्राम है, मैं आज जल्दी जाता." चौथा कोपरा उद्या करतो म्हणाला.

गर्दी चांगली जमली. मेणबत्त्या, काळ्या फिती. मी सगळ्यांना उभं केलं, श्रद्धांजली वाहिली, आवाज जिथं कापायला हवा तिथं कापला. आता पाहुण्यांना बोलवायचं, तर पाहुण्यांचा पत्ताच नाही. आयोजकानं हातानं रबर ताणलं. मी ओढलं. जमवून आणलेल्या ओळी संपल्या. त्यानं पुन्हा ताणलं. मागच्या बाजूला लोक भुईमुगाच्या शेंगा फोडायला लागले. दोघा-तिघांनी मोटारसायकलला किक मारली. गर्दी हातातून सुटायला लागली की मला कसंतरी व्हायचं, पायाखालची फळी सरकल्यासारखं. ते मला सोसत नसे.

आणि मी बोललो. "हे करणारे आभाळातून पडतात का? त्यांना कुणीतरी खोली देतं, कुणीतरी काम देतं! लांब कशाला जायचं — आमच्या कॉलनीच्या मागं, त्या अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगीत जाऊन बघा. उशिरापर्यंत दिवे. बोली कळत नाही. गाव विचारलं तर सांगत नाहीत. कोण आहेत ही माणसं? आपण कधी विचारणार?"

शेंगा थांबल्या. सुरू झालेली मोटारसायकल बंद झाली. आणि मग टाळ्या. शोकसभेत टाळ्या! मला थांबवता आल्या असत्या — दोन्ही हात वर करून "टाळ्या नकोत" म्हणायचं, हे मी दर शोकसभेत म्हणतो. त्या दिवशी नाही म्हणालो.

एकेक शब्द बघा आता. त्या बिल्डिंगीत रफिकुल आणि त्याचे सोबती राहत होते, हे मला ठाऊक होतं. दिवे उशिरापर्यंत, कारण कामावरून आल्यावर ते भात शिजवायचे. बोली बंगाली. आणि गाव? गाव विचारलं तर सांगत नाहीत! अहो, त्या माणसानं गावाशिवाय दुसरं काही सांगितलंच नव्हतं मला! मी न विचारता सांगितलं होतं.

पण हेही मी दडवलेलं नाही. हे तर भर चौकात, माईकवर केलं. त्याचं कौतुकच झालं. "सर, आज खरं बोललात," म्हणून लोक माझे हात हातात धरत होते. दडवलं ते दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी कॉलनीच्या मागून आरडाओरडा ऐकू आला. मी गेलो. शैला माझ्या मागून आली. बरीचशी माणसं कालच्या सभेतलीच होती. कारागिरांना खाली आणून भिंतीशी उभं केलं होतं, त्यांची घमेली, पातेली, अंथरुणं रस्त्यावर फेकलेली. रफिकुल सगळ्यांच्या पुढं, हातवारे करून भांडत होता. भ्यायला नव्हता हो! चिडला होता. मालदा, पोलीस ठाणं, पंचायत, सासऱ्याचं नाव — सगळं सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं. मग त्याला मी दिसलो, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. हसला. "अरे, सर को पूछो ना! सर का घर में काम करता मैं. सर को सब मालूम मेरा!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पुढं उभा असलेला एक जण, आमच्याच कॉलनीतला, अदबीनं म्हणाला, "व्हय का सर? वळखता का याला?"

एक वाक्य लागत होतं. ओळखतो, मालद्याचा आहे, रोज माझ्या घरी असतो. बस. माझ्याच आवाजात, ज्या आवाजावर ही माणसं काल उठली-बसली होती. त्यांनी ऐकलं असतं. हेच तर आहे — नक्की ऐकलं असतं! मला कुणाची भीती नव्हती. माझ्या अंगाला कुणी बोट लावलं नसतं. मग कशाला घाबरलो? तर कुणीतरी म्हणालं असतं, "मग काल काय बोलत होता, सर?" एवढ्याला. कालच्या टाळ्या परत द्याव्या लागल्या असत्या. एवढ्याला घाबरलो मी.

मी म्हणालो, "कामाला माणसं येतात-जातात. मी कुणाकुणाला ओळखणार?"

आवाज कापलासुद्धा नाही माझा.

रफिकुल बोलायचा थांबला. एवढा बोलका माणूस. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग शैलाकडे, मग खाली. त्याला ओढायला लागले. मी वळलो आणि घरी आलो. पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही, शैलानं पाहिलं. पोलीस येईपर्यंत ती तिथंच उभी होती. घरात आली ती चप्पल न काढता, आणि म्हणाली, "रोज नावानं हाक मारत व्हते ना तुमी त्याला?" त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही.

चौकशी झाली. सगळे मालद्याचेच निघाले, सोडून दिले. पेपरात ते आतल्या पानावर बोटभर आलं. माझं भाषण फोटोसकट पहिल्या पानावर होतं. पुढं ठेकेदार भेटला तेव्हा कळलं, सगळे गावी निघून गेले, आणि रफिकुलचं उजवं मनगट त्या सकाळच्या झटापटीत मोडलं. नीट बसलं नाही. आता घमेलं उचलतो म्हणे, वेल काढता येत नाही. "लई चांगला हात व्हता त्याचा," ठेकेदार म्हणाला, "नजर लागली कुनाची तरी, सर." मी 'हो' म्हणालो.

चौथा कोपरा तसाच राहिला. लग्नाच्या पाहुण्यांनी विचारलं, हा एवढाच कोपरा रिकामा कसा? मी म्हणालो, "काय सांगायचं, बंगाली कारागीर. काम अर्धवट टाकून पळून गेला." पाहुणे हसले. या लोकांचा भरवसाच नाही, म्हणाले. तेव्हापासून जो येतो त्याची नजर वर जाते आणि मी तेच सांगतो. दुसरा माणूस बोलावून कोपरा भरून घ्यायला काय हरकत होती? शैला भरू देत नाही. कारण सांगत नाही. कुणी विचारलं की उठून स्वयंपाकघरात जाते.

अजूनही कुठं काही घडलं की टीव्हीवर त्या चौकटी उघडतात. घुसखोर, गद्दार, हाकला. मी बघतो आणि माझं डोकं फिरतं, कारण मला तो धंदा कळतो. तो निवेदक टेबलावर हात आपटून ओरडतो ना, की सगळा देश जाब विचारतोय! देश कुठला विचारतोय, बाबा? तू ओढतोयस. जाहिरात लागेपर्यंत माणूस खुर्चीवरून उठू नये म्हणून ओढतोयस. तुला मेलेल्यांचं काही नाही आणि जिवंतांचंही नाही. तुझ्या ओढण्यापायी कुठल्या गल्लीत कुणाचं मनगट मोडलं, ते तुला कळणारही नाही. असं मी टीव्हीला सुनावतो, मोठ्यानं. आणि मग नजर छताकडे जाते. त्याला निदान माहीत तरी नसतं. मी त्या माणसाच्या धाकटीचं नावसुद्धा सांगू शकलो असतो.

परवा समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेलं जोडपं चहाला आलं होतं. टीव्हीवर तेच चाललं होतं. बाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "किती सुरेख काम आहे हो! तो एक कोपरा राहिला का?"

शैला या वेळी उठली नाही. तिनं कपबशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत बसून राहिली. एक वाक्य लागत होतं.

मी म्हणालो, "कारागीर पळून गेला."