मोठ्या सरांची परीक्षा

सर्जनांना बोलायला आणि ऐकायला शिकवायचं, हे सिस्टरबाईंचं काम. लोक हसायचे. अहो, एवढा शिकलेला माणूस, त्याला बोलता येत नाही होय? बोलता येतं हो, घोडं पेंड खातं ते ऐकण्यापाशी!

ऑपरेशन थिएटरात बत्तीस वर्षं उभं राहून बाईंचे पाय सुजले, तेव्हा हॉस्पिटलने त्यांना तळमजल्यावर एक खोली दिली. टेबल, दिवा आणि टेबलावर रबरी पुतळा. सर्जन पुतळ्याचं पोट शिवायला घ्यायचा. बाई रक्त टिपायच्या गॉजची एक घडी गुपचूप खिशात टाकायच्या आणि म्हणायच्या, "एक गॉज कमी आहे." जो हात थांबवून, ती पोटात तर राहिली नाही ना, हे शोधायला लागेल तो पास.

आज समोर मोठे सर होते. बाई त्यांच्या हाताखाली वीस वर्षं राबल्या होत्या. नवऱ्याचं आतडं फुटलं तेव्हा यांनीच त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. तो आजही पेपर वाचत कुरकुरतो, तो यांच्याच कृपेने. आणि आता वरून हुकूम आला होता: पास झाल्याची सिस्टरची सही होईपर्यंत सरांनी थिएटरात पाऊल टाकायचं नाही.

पहिल्या खेपेला सर "नीट मोजा" म्हणून शिवतच राहिले. दुसऱ्या खेपेला थांबले, पण भुवई अशी चढवली की बाईंचाच आवाज बसला. वय साठीला टेकलं तरी त्या भुवईपुढे बोबडी वळते, याचा त्यांना स्वतःचाच संताप आला.

सरांनी हातमोजे काढले. पेशंट ताटकळलेत, माझे हात तुम्हाला माहीत आहेत, करून टाका सही, असं समजुतीने म्हणाले. बाईंनी पेन उचललं. नवरा डोळ्यांपुढे आला. तरी पेन खाली ठेवलं.

"सर, तुमच्या हातांबद्दल तक्रार नाही. पण वीस वर्षांत तीनदा तुम्हाला थांबवायला हवं होतं. एकदाही माझी जीभ उचलली नाही."

"त्या तिघांचं काय झालं?"

"दोघं बरे झाले."

सर खुर्चीत बसले. तिसरी कोण, हे त्यांना सांगावं लागलं नाही. एक तरुण शिक्षिका, ऑपरेशन झालं आणि संध्याकाळच्या आत गेली. सरांनी ते तिच्या नशिबावर ढकललं होतं, सिस्टरबाईंनी स्वतःच्या माथी घेतलं होतं, आणि दोघं त्यावर एक अक्षर बोलले नव्हते.

सर उठले. हातमोजे चढवून त्यांनी पुतळ्याच्या पोटावर सुई धरली.

"त्या दिवशी काय म्हणायचं राहिलं, ते आता म्हणा."

बाई पुतळ्यावर वाकल्या. "टाका घालू नका, सर. आत रक्त अजून थांबलेलं नाही."

सरांनी सुई खाली ठेवली. "कुठून येतंय? दाखवा."

बाईंनी रबरी पोटावर बोट ठेवून नेमकी जागा दाखवली.