मरोळच्या लॅबमधले मासे आणि आमची आत्या

माझी आत्या पगार घेऊन मासे मारायची.

काल सकाळी ती गेली. घाटकोपरच्या आमच्या बुद्धविहारात संध्याकाळी वंदना झाली. लोक तिच्याबद्दल खूप चांगलं बोलले. पण माशांचं कुणीच बोललं नाही. म्हणून मी लिहितेय.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, माझ्या जन्माआधीची. तिच्याकडून मी ती तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा डायरीत लिहून ठेवली. नोंदींमधलं वर्ष जुळत नाही, म्हणून इथे वर्ष लिहीत नाही. बाकी सगळं जुळतं.

आत्या झूऑलॉजीची बीएस्सी. मरोळच्या एका केमिकल फॅक्टरीत लॅबमध्ये नोकरी. घरातला एकमेव पगार तिचा, आणि तोही अजून पक्का नव्हता. प्रोबेशन चालू होतं.

काम असं. काचेच्या टाक्या ओळीने मांडायच्या. प्रत्येकीत दहा छोटे मासे. पहिल्या टाकीत नुसतं पाणी, पुढच्या प्रत्येक टाकीत केमिकल थोडं थोडं वाढवत न्यायचं. चार दिवस रोज मोजायचं, किती जिवंत, किती मेले.

त्यावरून ठरायचं की फॅक्टरीचं यंत्रं धुतलेलं पाणी नाल्यात सोडलं तर चालेल का.

तो नाला पुढे मरोळ गावठाणातल्या भातशेतीला लागायचा.

मासे आणून द्यायचा पास्कलमामा. गावठाणातला जुना ख्रिश्चन शेतकरी, फावल्या वेळात जाळं टाकणारा. सुरुवातीला त्याने बाटलीतून आणलेले अर्धे मासे वाटेतच मरायचे. आत्या त्याच्यावर ओरडली होती.

"मामा, मेलेले मासे मी काय करू? जिवंत आण ना!"

"तू तरी काय करतेस गो बाय? मारतेसच ना?"

पण त्याने मनावर घेतलं. त्यानंतर एकही मासा मेलेला आला नाही.

तेव्हा फॅक्टरीने कापड रंगवायला लागणारं एक नवं द्रव्य काढलं होतं. महिनाभर थोडं थोडं बनवून पाहिलं होतं. आता मोठं प्रॉडक्शन सुरू करायचं, फक्त आत्याच्या रिपोर्टची वाट होती.

टेस्ट झकास झाली. सगळ्यात कडक प्रमाणाच्या टाकीतसुद्धा मासे मजेत. आत्याने "नाल्यात सोडण्यास हरकत नाही" असं लिहून सही केली.

दोन दिवसांनी पास्कलमामा पुढचे मासे घेऊन आला. आत्या खुशीत होती. म्हणाली, "मामा, तुझे मासे भारी दणकट निघाले."

"असणारच. वरच्या तळ्यातली मासली नाजूक, बाटलीतच मरते. तू ओरडलीस ना, तवापासून मी तुमच्या गटाराच्या तोंडाखालनं धरतो. तिथं जी उरली हाय, तिला कायपण होत नाय."

तेव्हा आत्याच्या लक्षात आलं.

महिनाभर त्या नाल्यात याच द्रव्याचं पाणी जात होतं. कमजोर मासे आधीच मेले होते. जे त्यातूनही तगले, तेच पास्कलमामाने तिला आणून दिले. आणि तिने त्यांनाच विचारलं, हे पाणी चालेल का?

त्याने हे तिच्यासाठीच केलं होतं. मासे कुठून आणतोस, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

ती तशीच मॅनेजर नाईकसाहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, माझा रिपोर्ट चुकलाय."

"कोण म्हणतं?"

"मीच."

"मॅडम, स्वतःचा रिपोर्ट चुकला असं कुणी लिहून देतं का? आणि परत टेस्ट म्हणजे अजून चार दिवस."

"आठ, सर. नव्या माशांना आधी टाकीत रुळू द्यावं लागतं."

"तुमचं कन्फर्मेशन याच महिन्यात आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून आजच सांगतेय. परमनंट झाल्यावर सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, आता हिला काय फरक पडतो."

नाईकसाहेब हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

पास्कलमामाने वरच्या तळ्यातून मासे आणले. डबा मांडीवर धरून, बैलगाडीतून, अगदी हळू.

टेस्टच्या दुसऱ्या दिवशी मधल्या टाकीतले सगळे मेले. तिसऱ्या दिवशी अगदी फिक्या टाकीतलेही पोट वर करून तरंगत होते. नुसत्या पाण्यातले दहाच्या दहा जिवंत.

आत्याने जुन्या रिपोर्टवर आडवं लिहिलं, "माझ्या चुकीमुळे हा निष्कर्ष ग्राह्य धरू नये." खाली पूर्ण नाव, सही.

फॅक्टरीने आधी पाणी साफ करायच्या टाक्या बांधल्या, मग प्रॉडक्शन सुरू केलं. आत्याचं कन्फर्मेशन सहा महिने पुढे ढकललं.

त्यानंतर तिच्या प्रत्येक रिपोर्टची पहिली ओळ एकच असायची. मासे कुणी धरले, कुठल्या पाण्यातून.

एक नवा केमिस्ट हसला होता. "मॅडम, आता माशांची जातपण लिहायची का?"

"जात नको लिहूस रे. पत्ता लिही."

तिसऱ्यांदा तिने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आत्या, घाबरली नव्हतीस?"

मला वाटलं होतं, नाही म्हणेल.

"घाबरले होते गं. आठ दिवस जेवण जात नव्हतं. मासे जगले असते तर मी वेडी ठरले असते, नोकरीही गेली असती. तिसऱ्या दिवशी ते मेलेले पाहिले आणि मला बरं वाटलं. चूक झाली त्याची लाज नाही वाटली मला. त्या बरं वाटण्याची वाटली."

मग गॅस बंद करून म्हणाली, "हेपण लिही तुझ्या डायरीत. नुसतं चांगलं चांगलं लिहू नकोस."

लिहिलंय, आत्या. सगळं लिहिलंय.

आता निवांत जा. तुला माझा शेवटचा नमस्कार.