चष्म्याला व्हॅसलीन, पायाला वाळूची पिशवी

आम्ही चार-पाच निवृत्त नर्स धुळ्यात अजूनही महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. सुरुवातीचा वेळ गुडघे, शुगर आणि सुनांचा. मग चहा येतो, कुणीतरी म्हणतं, "तो म्हातारा आठवतो का गं?" आणि मग जेवायची वेळ झाली तरी कुणी उठत नाही. यातलं मुद्दाम कुणी जपून ठेवलेलं नसतं, पण एक आठवण निघाली की तिच्या मागोमाग दुसरी येतेच.

परवा निमित्त झालं माझ्या भाचीचं. ती पुण्यात नर्स आहे. फोनवर सांगत होती, "मावशी, आमच्याकडे आता ट्रेनिंगला डोळ्यांवर एक यंत्र लावतात. ते लावलं की आपण वॉर्डातच उभे आहोत असं दिसतं. पेशंट कुठे पडू शकतो, ते आपण ओळखायचं."

म्हटलं, "आमच्याकडेही होतं."

"तेव्हा? कुठलं?"

"व्हॅसलीनचं!"

*

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी एका मोठ्या दवाखान्यात नवी लागले होते. आमच्या वॉर्डाच्या इनचार्ज होत्या गावित सिस्टर. नवापूरकडच्या, ठेंगण्या, आणि आवाज कधी चढवायच्या नाहीत.

एक म्हातारी न्यूमोनियातून छान बरी झाली होती. उद्या घरी जायचं, आणि आज बाथरूमला जाताना ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिचा मुलगा आईला नेसवायला नवं लुगडं घेऊन आला होता. तो ते लुगडं मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर गावित सिस्टरना बरं वाटलं असतं, असं त्या नंतर म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हाला दुपारी वॉर्डात बोलावलं. आम्हाला वाटलं, आता लेक्चर. तर त्यांनी जुने चष्मे काढले, काचांना व्हॅसलीन फासलं. कानात कापूस, एका गुडघ्याला फळी, घोट्यांना वाळूच्या पिशव्या. म्हणाल्या, "तुम्ही आता सत्तरीच्या झालात. बाथरूमला जाऊन या."

पहिली गेली सुनंदा. पारोळ्याची, माझ्याच बॅचची, शाळेत कबड्डी खेळलेली. हसत निघाली. कॉटखालून बाहेर आलेल्या थुंकीच्या भांड्यात पाय अडकला आणि ती खाली बसली. लागलं काहीच नव्हतं, पण रडायला लागली. गावित सिस्टर तिच्याजवळ उकिडव्या बसल्या, कानातला कापूस काढला आणि विचारलं, काय झालं.

सुनंदा म्हणाली, "मला हाक मारावीशी वाटली, सिस्टर. पण लाज वाटली."

सिस्टर आमच्याकडे वळल्या. "झालं. आजचं लेक्चर संपलं."

*

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. त्या चष्म्यातून खिडकी म्हणजे नुसता पांढरा डाग, आणि माणसं नुसत्या सावल्या. एक हात भिंतीला लावून मी सरकत होते.

दाराजवळच्या कॉटवर नरडाण्याचे एक आबा होते. टायफॉइडनं पार वाळलेले. उभं राहिलं की चक्कर यायची, म्हणून त्यांनी पाय खाली टाकायचा नाही अशी सक्त ताकीद होती. रोज दहादा त्यांना तेच सांगायचं काम माझ्याकडे होतं.

मला काही दिसत नव्हतं. एकदम कुणीतरी माझा हात धरला. हाडं लागत होती त्या हाताची.

"हळू चाल, बेटा. तठे पायरी शे."

मी चष्मा काढला, तर आबा! कॉटवरून उतरून, भिंतीला धरून माझ्यापर्यंत आलेले. मी घाबरून ओरडले, आबा, तुम्हाला उतरायचं नाही सांगितलंय ना. आबांना माझंच आश्चर्य वाटलं. "मी पडसू म्हनीसन बसी ऱ्हाऊ, अन् तू पडी जाशी त्यानं काय?"

सुनंदानं आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना कॉटवर नेलं. ते झोपेपर्यंत सुनंदाला सांगत होते, या पोरीचे डोळे दाखवा कुणाला तरी, लग्नाची शे अजून.

*

बोदवडकडच्या एका अक्कांच्या कॉटला आम्ही कठडे लावले. केळीच्या बागा असलेलं मोठं घर, अक्कांचा दरारा. पहिल्याच दिवशी सुनेनं कठड्यावर ओलं लुगडं वाळत घातलं, आणि अक्का आत बसून गरजल्या, "मले काय ढोरावानी कोंडलं व?"

पडू नये म्हणून लावलंय, असं आम्ही समजावलं. मग त्या कठडा ओलांडून उतरायला लागल्या. म्हणजे आधी कॉटच्या उंचीवरून पडल्या असत्या, आता कठड्याच्या उंचीवरून! गावित सिस्टरनी दोन दिवस पाहिलं, मग कॉट बाजूला केली आणि गादी जमिनीवर घातली. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, हा दवाखाना आहे की धर्मशाळा?

उत्तर अक्कांनीच दिलं. हातानं जमीन थोपटून म्हणाल्या, "आता पडीन तं पडीन कुठी?"

*

हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले एक नाना होते. पाय थरथरायचे, पण बाथरूमला जायला पोरीबाळींना हाक मारणार नाहीत. मुलगा संध्याकाळी यायचा, तोवर दाबून धरायचे किंवा एकटेच निघायचे. दोनदा पडता पडता वाचले. मी समजावलं, सुनंदानं समजावलं. ते मान हलवायचे आणि पुन्हा तेच.

गावित सिस्टरनी समजावलं नाही. त्या लंगडतच त्यांच्या कॉटजवळ गेल्या. "नाना, माझा गुडघा धरलाय हो. त्या टोकापर्यंत जायचंय. जरा हात द्याल का?"

नाना लगेच उठले. सिस्टरनी त्यांचा दंड घट्ट धरला आणि दोघं हळूहळू निघाले. बाथरूमपाशी आल्यावर सिस्टर म्हणाल्या, मी इथे थांबते, तुम्ही आलाच आहात तर जाऊन या. तेव्हापासून सकाळ-दुपार तोच कार्यक्रम. नाना सिस्टरची वाट पाहायचे. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो, पण नाना कधी पडले नाहीत.

घरी जायच्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं. म्हणाले, "त्या सिस्टरच्या गुडघ्याचं तेवढं बघा. उद्यापासून तिला कोण नेणार?"

*

हे जे डॉक्टर, धर्मशाळा म्हणणारे, त्यांना आमच्या ट्रेनिंगची गंमत वाटायची. एकदा आले आणि म्हणाले, "आणा तो चष्मा, मलाही म्हातारा करा." सिस्टरनी त्यांना सगळं चढवलं. साहेब हसत निघाले. वॉर्डाच्या मध्यावर थांबले. नंतर पायानं चाचपडत चालायला लागले. परत आले तेव्हा हसत नव्हते. चष्मा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब राउंडला आले नाहीत. गावी गेले होते म्हणे. तिथे त्यांची आई एकटी राहायची.

परत आल्यावर त्यांनी स्वतःच गावित सिस्टरना सांगितलं. घरातला उंबरठा काढायला सुतार बोलावला, अंगणात बल्ब लावला, मोरीत धरायला दांडा ठोकला. आई ओट्यावर बसून सगळं बघत होती. सुतार गेल्यावर त्यांना म्हणाली, "इतला शिकना तू, अन् आते दिसनं का तुले?"

आमच्या बाथरूमचे दांडे त्यानंतर बसले.

*

आणि एक जोडपं होतं. साक्रीकडचं. आजोबांची डावी बाजू लुळी पडलेली, आजी सोबतीला. आजी कॉटखाली सतरंजीवर झोपायची. सकाळच्या ड्युटीला गेले की दिसायचं, आजीच्या पदराचं टोक आजोबांच्या डाव्या मनगटाला बांधलेलं. म्हातारा उठायला लागला की पदर ओढला जाणार आणि आजीला जाग येणार. आम्हाला फार कौतुक. गावित सिस्टर तर नव्या मुलींना नेऊन दाखवायच्या. म्हणायच्या, "तुम्हाला मी इतकं शिकवलं, त्यात हे सुचलं का कुणाला?"

हळूहळू दिवसाही ती गाठ तशीच दिसायला लागली. आजी कॉटशेजारी बसून भाजी-भाकरी खातेय, पदर बांधलेला. एकदा मेट्रन आल्या आणि म्हणाल्या, हे काय, सोडा ते. गावित सिस्टर पहिल्यांदाच कुणाला तरी ठामपणे नाही म्हणाल्या. राहू दे मॅडम, या कॉटवरचा पेशंट पडणार नाही.

आजोबा काठी घेऊन चालायला लागले. जायचा दिवस आला. दोघं दारापर्यंत आले, पुतण्या रिक्षा आणायला गेलेला. बघते तर पदर अजून मनगटाला. मी म्हटलं, "आजी, गाठ सोडा आता. आजोबा बरे झाले. रिक्षात चढताना तुम्हीच अडकून पडाल."

आजीनं गाठीकडे, मग आजोबांकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

"मी कसी सोडू, बाई? मी नही बांधी ती. रोज त्याच बांधतस."

आजोबा रस्त्याकडे बघत उभे होते, जसं काही ऐकूच आलं नव्हतं.