काकांची इंग्रजीची खोकी

इंग्रजी भाषा विलायतेत जन्मली असेल, पण तिची झडती बीडमध्ये, आमच्या धाकट्या काकांच्या घरी व्हायची. काका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि व्याकरणाच्या पुस्तकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "लोक खरंच कसं लिहितात ते बघावं," म्हणत ते दिसेल त्या इंग्रजी वाक्यावर कात्री चालवायचे. वर्तमानपत्रं, जुनी जर्नलं, औषधांसोबतचे कागद, सगळं कापून चिठ्ठ्यांवर चिकटवायचं आणि शब्दवार बुटांच्या खोक्यांत ठेवायचं. तेव्हा बाजारात नव्या कंपन्यांच्या वस्तू येऊ लागल्या होत्या आणि प्रत्येकीसोबत इंग्रजी पुस्तिका. काकांची चंगळच. माझ्या लग्नातल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड त्यांनी मांडवातच कापलं. मिक्सर महिन्याभरात जळाला.

"ग्यारंटीच कापली व्हय तुमी? कावून?" काकू कडाडल्या.

"त्यात 'सब्जेक्ट टू' लई झकास वापरलंय," काका म्हणाले.

एका वर्षी नेकनूरहून चाळिशीच्या एक शिक्षिका आल्या. त्यांचा एम.फिल.चा प्रबंध 'इंग्रजी सुधारा' या शेऱ्यानिशी दोनदा परत आला होता. आता शेवटची संधी. "सर, विषय मला येतो हो. भाषाच उघडं पाडती," त्या म्हणाल्या.

"मी काही सांगणार न्हाई, बाई. 'डिस्कस'चं खोकं काढा."

बाईंनी चिठ्ठ्या सतरंजीवर मांडल्या. एकीतही 'डिस्कस'पुढं 'अबाउट' नव्हता. त्यांच्या प्रबंधात तो पानोपानी होता. त्या मुकाट्यानं खोडत सुटल्या. मग दर रविवारी एसटीनं येऊन त्या खोकी उपसू लागल्या. दिवाळीपर्यंत आपल्या चुका आपणच हुडकू लागल्या. एकदा तर चिठ्ठी पुढं करून त्यांनी काकांचंच वाक्य चुकीचं ठरवलं. काका इतके खूश झाले, की काकूंना शिरा करावा लागला.

प्रबंध मंजूर झाला, बाई पेढे घेऊन आल्या. मीही तिथंच होतो. "सर, तुमचा प्रबंध कशावर होता?" त्यांनी सहज विचारलं.

काकांनी हातातला पेढा खाली ठेवला. "लिवला होता. इंग्रजीपायी परत आला. पुन्हा उघडला न्हाई."

काकूंनाही हे ठाऊक नव्हतं.

"आणा की, सर. बघू आपण," बाई म्हणाल्या.

काकांनी माळ्यावरून एक गाठोडं उतरवलं, धूळ झटकली. पहिलं पान बाईंपुढं सरकवलं.

"जरा सावकाश वाचा, बाई," ते म्हणाले.