युनूसचा ऱ

युनूस गेल्याचं सनानं मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी एका लग्नपत्रिकेत मुलीच्या मामांची नावं भरत होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती बोलली आणि पलीकडून कोणीतरी फोन घेतला. मी उठलो, चपला घातल्या, खांदा दिला, माती दिली... पण तो गेला हे मला त्या दिवशी पटलं नाही. पटलं ते तिसऱ्या दिवशी, त्याच्या गल्लीच्या तोंडाशी. अकोल्याच्या प्रेसवाल्या शेठनी तिथे श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता, चांगला दहा फुटी. 'वर्हाडच्या अक्षरांचा जादूगार हरपला.' खाली शेठचा हात जोडलेला फोटो, युनूसच्या फोटोपेक्षा दोन बोटं मोठाच. आणि फ्लेक्सवरचं एकूण एक अक्षर युनूसनं काढलेलं, शेठनी चोरलेलं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते काय असतं, हे मी त्या दिवशी उभा राहून वाचलं. परवा युनूसचा चाळिसावा झाला. पुरवणीसाठी आठवणी लिहा असं संपादकांनी म्हटलं, म्हणून बसलो आहे. आठवणीच लिहिणार आहे, पण आधीच सांगून टाकतो, हात लिहिण्यासाठी कमी आणि शेठच्या कॉलरसाठी जास्त शिवशिवत आहेत.

मी गजानन. अमरावतीत माझं पत्रिका आणि हँडबिलं करून देण्याचं दुकान आहे, युनूसचं माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. आम्ही संगणक बरोबरच शिकलो, एकाच क्लासमध्ये, एका मशीनसमोर दोघं बसून. फरक एवढाच की त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे हातात माउस येण्याआधी त्याच्या हातात ब्रश होता. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालत गेलेली. तो मला गजा म्हणायचा, रागावला की "काय बे गजा" आणि खूश असला तरी "काय बे गजा". कुठला गजा कोणता, हे मला कळायचं.

त्या काळी आमच्या धंद्यात सगळे सगळं काम कोरल नावाच्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये करायचे. फोटो त्यातच, अक्षरं त्यातच, चाळीस पानांची स्मरणिकाही त्यातच. मग छपाईच्या वेळी मशीन अडकलं की नशिबाला बोल लावायचे. युनूस तसं करत नसे. फोटो फोटोशॉपमध्ये धुऊनपुसून घ्यायचा, अक्षरं आणि चित्रं कोरलमध्ये काढायची, पानं जास्त असतील तर ती तिसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये लावायची, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचा क्रम कधी मोडायचा नाही. "घरी एकाच कढईत शिरा अन् रस्सा करतेत काय बे?" असं तो मला विचारायचा. नवीन मुलंमुली त्याच्याकडे यायची आणि हमखास विचारायची, भैया, सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं? तो उलट विचारायचा, "काम काय हाय?" एकदा शेंदूरजनाघाटचे एक बागाईतदार संत्र्याच्या खोक्यांचं डिझाइन करायला आले. त्यांना संत्र्याचा चकचकीत फोटो हवा होता. युनूसनं खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा मागवला, त्यावर पाण्याचं बोट टेकवलं आणि ते कसं पसरतं ते त्यांना दाखवलं. "भाऊ, हा पुठ्ठा शाई पिते. तुमचा फोटो याच्यावर आलू दिसन. संत्रा मी काढून देतो, दोन रंगांत." म्हणजे त्या कामात फोटोशॉप उघडलंच नाही. कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं नाही, हे ठरवायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

त्याच्या फॉन्टला दोन वर्षं लागली. एकेक अक्षर आधी ब्रशनं कागदावर, मग स्कॅन करून कोरलमध्ये त्याच्या कडा घोटायच्या, आणि शेवटी फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका बटणावर बसवायचं. त्याच्या ळ ला पोट होतं, वळणावर जेवून उठल्यासारखं. झाल्यावर त्यानं एकच प्रत बाहेर दिली, ती मला. "घे. पण याच्यात एक अक्षर नाई." ते अक्षर म्हणजे वऱ्हाड लिहिताना ह च्या आधी जी पापणीसारखी आडवी रेघ येते, तो अर्धा ऱ. माझ्या प्रतीत ते बटण दाबलं की नुसती मोकळी जागा यायची. "ते हातानंच बसवा लागते. ह च्या आधी लांब, य च्या आधी आखूड. फॉन्टले ते समजत नाई," असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. आता पत्रिका म्हटली की नवऱ्या मुलाचे वडील आले, सोयऱ्यांची नावं आली, मुलगी कुऱ्ह्याची असली तर गाव आलं. मग मी जागा मोकळी सोडायचो, फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायचो, त्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसायचो. तो ऱ बसवायचा आणि चहा सांगायचा. एकदोनदा कंटाळा करून मी जुन्या पत्रिकेतला ऱ उचलून चिकटवला. ते ठिगळ त्यानं रस्त्यावरून जाताजाता ओळखलं. रोजची एक खेप ठरून गेली, पंधरासोळा वर्षं.

फॉन्ट देताना त्याची एकच अट होती. फाइल बाहेर छापायला जाताना अक्षरं कर्व्ह करून पाठवायची. कर्व्ह केली की अक्षराचं चित्र होतं. छापता येतं, पण त्यानं पुढे कोणाला दुसरा शब्द लिहिता येत नाही. "अक्षर जाऊ दे, फॉन्ट जाऊ देऊ नको," असं त्यानं दोनदा सांगितलं होतं.

आणि आता ते सांगतो, जे मी युनूसला कधी सांगितलं नाही. एका मोठ्या कामाची छपाई अकोल्यात शेठच्या प्रेसला होती. फाइल कर्व्ह करूनच नेली होती मी. मशीनवर प्लेट चढायच्या आधी शेवटचं वाचायला घेतलं, तर पाहुण्यांच्या नावात चूक. कर्व्ह केलेलं अक्षर सुधारता येत नाही. जुनी फाइल होती पेन ड्राइव्हवर, पण ती उघडली की शेठच्या मशीनवर सगळ्या मुंग्याच मुंग्या, कारण फॉन्ट नाही. परत अमरावतीला जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला. शेठ म्हणाले, "अहो, टाका ना फॉन्ट इथंच, दोन मिनिटांचं काम." मी टाकला. चूक सुधारली. शेठनी रसवंतीवर नेलं, फार गोड बोलले... आणि मी फॉन्ट न काढताच गाडीत बसलो. मूर्तिजापूर गेल्यावर आठवलं. उद्या फोन करून काढायला सांगू म्हटलं. तो उद्या आला नाही.

सहा महिन्यांत अकोल्यात एका कापडाच्या दुकानावर पोटवाला ळ दिसला. मग शाळेच्या पाटीवर, मग दवाखान्यावर. मग शेठनी तो फॉन्ट 'स्वतः तयार केला' असं जाहीर केलं आणि त्याला आपल्या आजीचं नाव दिलं. चोरीच्या मालाला आजीचं नाव! अकोल्यात त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, आणि युनूस मला घेऊन त्या सत्काराला गेला. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. माझं रक्त उकळत होतं. शेठ माइकवर रात्रंदिवस घेतलेल्या मेहनतीबद्दल बोलत होते, आणि मी उठून त्यांची शाल ओढणारच होतो, तर युनूसनं माझं मनगट धरलं आणि मागच्या बॅनरकडे बोट दाखवलं. 'वर्हाडचे भूषण.' "पाह्य गजा," तो हसत हसत कानात म्हणाला, "चोर सई करून गेला." ऱ चं बटण रिकामं, म्हणून शेठचा ऑपरेटर रफार देऊन मोकळा व्हायचा. त्या दिवसापासून जिथे जिथे त्या अक्षरांत 'वर्हाड', 'शेतकर्यांचा', 'कुर्हा' दिसायचं, तिथे युनूस थांबायचा आणि तेच वाक्य म्हणायचा. मीही हसायचो. आतून मात्र मी शेठला रोज शिव्या घालायचो, कारण स्वतःला घालायची हिंमत नव्हती.

चारचौघांत बोंब मार, मी साक्ष देतो, असं मी त्याला एकदा म्हटलं. साक्षीत काय सांगणार होतो कोण जाणे. तो म्हणाला, "अन् आपल्या मशीनवर काय हाय बे? सगळी नागपूरच्या सीडीवरची कॉपी. आधी आपलं घर झाडा लागन ना." आणि हा माणूस खरोखर बसला. पन्नाशीला आला असताना मोफत मिळणारी तीन सॉफ्टवेअरं शोधली, एक चित्रासाठी, एक फोटोसाठी, एक पानांसाठी. त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. रंग एकात एक दिसायचे, दुसऱ्यात दुसरे. चार महिने तो त्यांची सोयरीक जुळवत बसला, आणि जुळल्यावर जुनं सगळं पुसून टाकलं. मी अजून पुसलेलं नाही.

चाळिसाव्याला शेठ आले. टोपी घालून, फळांची टोपली घेऊन. जेवण झाल्यावर त्यांनी सनाला बाजूला बोलावलं, मी मुद्दाम मागेच उभा राहिलो. "बेटा, युनूसभाईंचं एक अक्षर अपुरं राहिलं. ते फाइलमध्ये कुठे असेल तर दे. त्यांचं काम पूर्ण होईल." अपुरं राहिलं म्हणे! मी म्हणालो, "शेठ, जेवले ना? मंग निघा." माझ्या आयुष्यात मी पाहुण्याला असं बोललो नव्हतो. ते गेले, टोपली तिथेच राहिली.

संध्याकाळी मी सनाला म्हटलं, दे त्यांना अक्षर. असं दे की ते बटण दाबलं की 'चोर' उमटेल. मी अगदी मनापासून बोललो होतो. डोळ्यांसमोर शेठच्या पुढच्या सत्काराचा बॅनर दिसत होता. सना हसली नाही. तिनं युनूसची मशीन सुरू केली आणि एक फोल्डर उघडलं. त्यात दोन फॉन्ट होते. एकाचं नाव 'पूर्ण', दुसऱ्याचं नाव 'गजा'. तिनं 'पूर्ण' घेऊन वऱ्हाड लिहिलं. ह च्या आधी लांब रेघ आली. शेतकऱ्याचा लिहिलं. य च्या आधी आखूड आली. दोन बटणांवर दोन ऱ, पहिल्या दिवसापासून. फॉन्टला सगळं समजत होतं.

"अब्बा म्हणत, काकाच्या तोंडात तीळ भिजत नाई," सना म्हणाली. "म्हणून तुमच्यातला काढून ठेवला होता."

मी स्टुलावर बसलो. विचारलं, "अकोल्याचं त्याले..."

"पहिला बोर्ड दिसला त्याच दिवशी समजलं त्याईले. दुसऱ्या कोणाजवळ होताच कुठी, काका?"

"मंग मले बोलला कावून नाई?"

"म्हणे, बोललो तं गजा यायचा बंद होईन."

इतकी वर्षं तो म्हणत होता चोर सही करून गेला, आणि ती सही माझी होती. मला वाटायचं आम्ही दोघं मिळून शेठला हसतो आहोत. तो हसायचा, चहा सांगायचा, आणि मी समोर बसून प्यायचो. सूड घ्यावा तर असा, समोरच्याला आपण गेल्यावर चाळीस दिवसांनी कळणारा... आणि तोही चहा पाजून. मला तेवढं जमणार नाही, म्हणून मी इथे लिहून घेतो. अकोल्याचे शेठ हे वाचतीलच. माझं म्हणणं खोटं असेल तर त्यांनी आपल्या आजीच्या नावाच्या फॉन्टमध्ये एक शब्द लिहून दाखवावा. वऱ्हाड. जास्त नाही, एकच. जोवर माझ्यात जीव आहे तोवर त्यांना तो लिहिता येणार नाही, आणि दर पाटीवर, दर पत्रिकेवर त्यांच्या चोरीची पावती त्यांच्याच खर्चानं छापली जाईल. फॉन्ट त्यांच्या घरात कोणी नेऊन ठेवला, तेही वर लिहिलं आहे. ते नाव मी लपवलेलं नाही.

त्या संध्याकाळी निघताना मी सनाला म्हटलं होतं, मला तो 'पूर्ण' दे, आता कशाला तुला रोज त्रास. तिनं मशीन बंद केली. "अब्बांनी तुमच्या नावाचा ठेवला हाय ना काका. तोच राहू द्या."

काल एक पत्रिका आली, मुलगी कुऱ्ह्याची. मी सवयीनं जागा मोकळी सोडली, पेन ड्राइव्ह खिशात टाकला, दोन गल्ल्या ओलांडून गेलो आणि स्टुलावर बसलो. सनानं बापासारखीच मान तिरपी करून ऱ बसवला, चहा सांगितला. मी पेन ड्राइव्ह घ्यायला हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "कर्व्ह करून देल्ली, काका."