नानांच्या मागचा आवाज

कांडल्याहून नाशिकला सरळ गाडी नाही, हे आधीच सांगून टाकतो. गांधीधामहून रात्रीची गाडी धरायची, सकाळी सुरतला उतरायचं आणि तिथून सापुताऱ्यावरून येणारी एसटी पकडायची. घाई असणाऱ्यानं या वाटेनं जाऊ नये. मला घाई होती तरी मी गेलो, कारण ही एसटी दिंडोरीवरून जाते आणि दिंडोरीत माझी ताई राहते.

मी बंदरावर लोडर चालवतो. त्याआधी सुरतला साड्यांच्या कारखान्यात होतो, त्याआधी वापीला, मध्ये थोडे दिवस लुधियानालाही जाऊन आलो. शाळा आठवीतच सुटली आणि तेव्हापासून पायाला भिंगरी लागलीय. सणावारालाही मी घरी जात नाही. पण जानेवारीत ताईचा फोन आला.

"संतू, नाना जाऊन वरीस झालं. नाशकात गंगापूर रोडला मोठा कार्यक्रम ठेवलाय. गाण्यांची सीडी काढून राहिले."

"मग?"

"मग काय मग? बाबांची ओळ असंल ना त्यात!"

मी लोडर बंद केला आणि मुकादमाकडे सुट्टी मागायला गेलो.

नाना म्हणजे शाहीर केदूनाना. आमच्या भागात नव्वदच्या सुमाराला ज्याच्याकडे टेप होता, त्याच्याकडे नानांची कॅसेट होतीच. उसाच्या ट्रकमध्ये नाना, सलूनमध्ये नाना, लग्नाच्या मांडवातही नाना. लाल फेटा, कमरेला शेला, हातात डफ. पाटाच्या पाण्यावरचा त्यांचा पोवाडा ऐकून अधिकारी गाडीतून उतरून पाट बघायला गेला, असं लोक सांगायचे. खरं-खोटं नानाच जाणोत.

आणि माझे बाबा नानांचे झीलकरी. शाहीर ओळ म्हणतो आणि मागे उभे असलेले तीन-चार जण "जी रं जी जी जी" करून ती उचलून धरतात, ते झीलकरी. शाहिराला श्वास घ्यायला तेवढीच जागा मिळते. बाबा आयुष्यभर एवढंच गायले. एकदा मात्र वणीच्या यात्रेत गाता गाता नानांचा गळाच बसला. समोर माणसांचा समुद्र आणि नानांच्या तोंडातून आवाज फुटेना. तेव्हा मागून बाबांनी पूर्ण ओळ म्हटली:

"पाणी येईल येईल, वाफा तेवढा बांधून ठेव."

तेवढ्यात नाना सावरले आणि गाणं पुढे गेलं. कॅसेटवाल्याचं रेकॉर्डिंग त्याच यात्रेत चालू होतं, म्हणून ती ओळ कॅसेटमध्ये राहिली. पुढे वर्षाच्या आतच बाबा काविळीनं गेले. मी तेव्हा इतका लहान होतो की मला त्यांचा हात आठवतो, विडीचा वास आठवतो, आवाज आठवत नाही. घरातल्या कॅसेटवर ती ओळ ताईनं इतक्यांदा लावली की टेप तुटायला लागली. ती नेलपॉलिशनं जोडायची, परत तुटायची. शेवटी टेपरेकॉर्डरनं पार गुंडाळून खाऊन टाकली. बाबांचा एक फोटो आहे. आवाज कुठंच नाही. मी निघालो तो एवढ्यासाठी.

सुरतच्या स्टँडवर गाडी लवकर भरते, त्यामुळे आधी रुमाल टाकून जागा धरा. सापुताऱ्याच्या घाटात खिडकीशी बसलात तर दरी दिसते आणि पोट नाजूक असेल तर बाकीचंही दिसतं. माझ्या पुढच्या बाईनं तीन पिशव्या वापरल्या. वर गाडी थांबते तिथं चहा महाग आणि पांचट. त्यापेक्षा कळ काढा आणि वणीला उतरून भजी खा. गुजरात संपलं की डोंगर तेच राहतात, पण पाट्यांवरची अक्षरं आपली होतात. इतक्या दिवसांनी "सावकाश जा" असं मराठीत वाचलं आणि ती पाटी दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत राहिलो.

वणी मागे पडली की दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मांडव लागतात. दिंडोरीला उतरलो तेव्हा ताई स्टँडवरच उभी होती, बागेतून तशीच आलेली, डोक्याला रुमाल, कमरेला कात्री.

"किती वाळला रे! तिकडं मीठच खातो का काय?"

"बंदरावर मिठाचे डोंगर हायेत. फुकटंय."

मी तिच्यासाठी दाबेलीचा मसाला नेला होता. तिनं तो वास घेऊन फळीवर ठेवला आणि बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी वाढली. जेवताना बाबांचा विषय दोघांनीही काढला नाही. निकालाच्या आदल्या दिवशी जसं कुणी मार्कांचं नाव काढत नाही, तसं.

दुसऱ्या दिवशी ताईनं बागेला खाडा केला. दिंडोरीहून नाशिकला एसटी आहेच, पण काळी-पिवळी जीप लवकर सुटते. तुमचा गुडघा दुसऱ्याच्या मांडीवर चालत असेल तर बसा. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. नाशिकच्या सीबीएस स्टँडला उतरून मिसळ खाल्ली. ताई म्हणाली, "पापड तर्रीत बुडवू नको, मऊ पडतो." मी बुडवला. तेवढीच आमची त्या दिवसाची मजा.

गंगापूर रोडला हॉल मोठा होता. दारात नानांचा माणसाएवढा फोटो, त्याला झेंडूचा हार. स्टेजवर काचेच्या पेटीत त्यांचा लाल फेटा आणि डफ. नाना शेवटची वर्षं कसे जगले ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. घरोघरी केबल आली, जत्रेत पोवाड्याऐवजी ऑर्केस्ट्रा आला, आणि नाना निवडणुकीच्या रिक्षात बसून दुसऱ्यांच्या घोषणा द्यायला लागले. पुढे गळ्याचा आजार झाला. ज्या गळ्यापुढे मैदान भरायचं त्या गळ्याला शेवटी पाणीसुद्धा जाईना. त्या वेळी भेटायला किती जण गेले, हे हॉलमध्ये कुणी बोललं नाही. चौकाला नाव द्यायचं ठरलं, तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नानांवर माझा जीव होताच.

एक भाषण करणारे म्हणाले, "नाना एकटे उभे राहायचे आणि मैदान जिंकायचे." ताई माझ्या कानात म्हणाली, "एकटे? मग बाबा काय जत्रेला पाळण्यात बसायला गेलते?"

मग सीडी लावली. पहिलंच गाणं पाटाच्या पाण्याचं. ताईनं माझा हात धरला. नानांचा आवाज आला, काय सांगू, अगदी शेजारी बसून गातात असा स्वच्छ. पण ओळ संपली आणि मागे "जी जी" आलंच नाही. तिथं कीबोर्डचा सूर वाजला, गोड, लांबलचक. दुसरी ओळ, परत कीबोर्ड. मग बाबांची जागा आली. कीबोर्ड वाजला आणि नानांची पुढची ओळ सुरू झाली. झालं. ताईनं हात सोडला नाही.

तेवढ्यात हॉलच्या मागून एक थकलेला आवाज आला, "जी रं जी जी जी." लोकांनी वळून पाहिलं. पांढरं धोतर नेसलेला एक म्हातारा उभा होता. एक कार्यकर्ता त्याच्याकडे वाकून म्हणाला, "बाबा, शांत बसा, गाणं चालूय."

म्हातारा म्हणाला, "आरं, नाना थांबलाय ना तिथं! त्याला दम कोण देणार?"

ते पुंजाबाबा. नानांच्या मागे उभ्या राहणाऱ्या चौघांतले एकटे उरलेले. बाबांच्या शेजारी उभे राहायचे ते.

कार्यक्रम संपल्यावर मी नानांच्या मुलाला, दिलीपभाऊंना गाठलं. माणूस भला, त्यानंच स्वतःच्या खिशातून सगळं केलेलं. मी बाबांचं नाव सांगितलं तर त्यानं दोन्ही हात धरले.

"तुझे बाबा? अरे, त्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितलीय."

मी ओळीचं विचारलं.

"तिथं नाना अडखळले होते ना, म्हणून तेवढं काढलं. त्यांच्या आजारपणात आवाज जाताना मी पाहिलाय, संतू. तो परत लोकांना कशाला ऐकवायचा?"

"आणि मूळ टेप?"

"बुरशी धरली होती. एकदाच चालली, नंतर जी चिकटली ती चिकटली. त्या एका खेपेत नुसता नानांचा आवाज तेवढा उतरवून घेतला, बाकी काही ठेवलं नाही."

भांडायला आलो होतो असं नाही, पण भांडायलाही काही राहिलं नाही. त्याच्या बापाचा आवाज त्यानं वाचवला होता. माझ्या बापाचा वाचवायला मी नव्हतो तिथं. त्यानं मला सीडी दिली, पैसे घेतले नाहीत.

बाहेर पुंजाबाबा ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी तोंड जवळ आणून पाहिलं. "नाक बापाचं हाय," म्हणाले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पिंपळगावचा रफीक टेम्पोवाला अजून नानाची कॅसेट वाजवतो. उद्या ये, माझी नात तिकडंच दिलीय. जाऊ दोघं."

ताईला सलग दोन दिवस खाडा परवडणार नव्हता. तिला जीपमध्ये बसवून दिलं तेव्हा ती म्हणाली, "मिळालं तर मोबाईलात भरून आण. नाय मिळालं तर तोंड पाडून येऊ नको." मी पुंजाबाबांच्या घरीच मुक्काम केला.

पिंपळगाव बसवंतला सकाळी जाणार असाल तर हायवेवर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग धरून चला. आपण आधी पोचू की कांदा, सांगता येत नाही. मार्केटच्या फाटकाबाहेर रफीकभाई टेम्पोच्या टपावर ताडपत्री बांधत होता.

"केदूनाना? अरे, हे काय, आतच आहे! पोरं म्हणतात सीडीवाला प्लेअर लावू, मीच लावू देत नाही." तो स्वतःच हसला आणि कॅसेट आत सरकवली.

खरखर. मग नाना. आणि मग पहिल्यांदा, "जी रं जी जी जी." मी मोबाईल स्पीकरला लावून धरला. पाटाचं पाणी आलं. एक कडवं, दुसरं कडवं. बाबांची ओळ आली आणि ती नानांनीच म्हटली. खणखणीत, कुठं अडखळले नाहीत.

मी पुंजाबाबांकडे बघितलं.

"ही घोटीच्या जत्रेतली दिसतीय," ते हळू म्हणाले. "तिथं नानाचा गळा चांगला होता."

मी तिथंच कांद्यांच्या गोण्यांवर बसलो. रफीकभाईनं काही न विचारता पाणी दिलं.

"पण मागे बाबा हायेत ना?" मी विचारलं. "या चौघांत?"

"हाय की. मी हाय, तुझा बाप हाय, आणखी दोघं हायेत."

"कोणता आवाज त्यांचा?"

पुंजाबाबांनी मान हलवली. "असं नसतं पोरा. चौघांचा एक गळा झाला पायजे. एकाचा जरी वेगळा निघाला तरी नाना खाली उतरल्यावर शिव्या घालायचा. तुझ्या बापानं कधी शिव्या खाल्ल्या नाय." मग त्यांनी डोळे मिटून ती ओळ मला म्हणून दाखवली, पाणी येईल येईल, श्वासात शिट्टी वाजत होती. संपल्यावर म्हणाले, "पण हा माझा गळा झाला. तुझा बाप काय आला नाय त्यात."

मी कॅसेट परत पहिल्यापासून लावली. चौघं एकदम उठायचे, एकदम बसायचे. मी किती कान दिला तरी फट सापडेना.

परतीची गाडी दिंडोरीवरूनच होती. ताई गावाबाहेरच्या बागेत होती, मांडवाखाली बाया घड काढत होत्या. मी तिला बाजूला घेऊन आधीच सांगितलं, "ती ओळ नाय मिळाली." तिनं "बरं" म्हटलं, हात पदराला पुसले आणि मोबाईल कानाला लावला. बराच वेळ नुसती उभी. मध्येच रेकॉर्डिंगमध्ये शिरलेला, रफीकभाईच्या टेम्पोमागच्या ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला तेव्हा दचकली. मग तिचा चेहरा बदलला.

"हा. हा बघ."

"काय?"

"शेवटचा जी. तिघं थांबतात, एक थोडा मागं राहतो. ते बाबा. घरी मला झोपवताना पण असंच करायचे. संपवायचे नाय लवकर."

मी ऐकलं. मला वाटलं, आहे. परत ऐकलं, वाटलं, नाही. पुंजाबाबा बाबांच्या शेजारी उभे राहिलेले, ते म्हणतात वेगळा निघायचाच नाही. ताई बाबांच्या कुशीत झोपलेली. तिनं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल का, हेही मनात आलं. पण ती रडत होती, आणि माझ्यासाठी ताई असं रडणारी नाही. मुकादमीण ओरडली तशी तिनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि कात्री उचलली.

हे कांडल्यात बसून लिहितोय. सीडी ट्रंकेत आहे, कधी कधी लावतो, नानांचा आवाज त्यात फार सुंदर आहे. पुढच्या वेळी जाईन तेव्हा चौकात त्यांच्या नावाची पाटी लागलेली असेल. मात्र रोज ऐकतो ते मोबाईलमधलं, हॉर्नसकटचं.

परवा खोलीतला मुन्ना, बिहारचा, कणीक मळता मळता म्हणाला, "कौन गा रहा है भाई? बढ़िया गाता है."

"हमारे उधर के बड़े शाहीर थे. गुज़र गए."

गाणं पुढे चाललं. कडवं संपलं आणि मागे चौघं उठले.

"पीछे मेरा बाप है," मी म्हणालो.

मुन्नानं हात थांबवला. "कौन-सा वाला?"

"जो सबसे आख़िर में रुकता है."

मुन्ना कणकेचे हात तसेच धरून मोबाईलजवळ वाकला. आम्ही दोघंही शेवटच्या 'जी'ची वाट बघत राहिलो.